आपली चाल

(वाचावयाचा भाग : करिंथकरांस दुसरें पत्र, अध्याय ४, ओव्या १ ते ६)



बैलबाजारांत गेलेला जाणता शेतकरी प्रथम जनावराचे दांत पाहतो. मग शिंगें, खांदा व खूर पाहतो. परंतु तेवढ्यावर तो पैसे मोजीत नाहीं. "जरा चालवून दाखवा," असें तो म्हणतो. विकणारा लबाड असला तर तो बैलाला मऊ मातीवरून फिरवितो, कारण मऊ भुईवर लंगडेपणा झांकतो. घेणारा अनुभवी असला तर तो म्हणतो, "इकडे नको, त्या कठीण वाटेवर घ्या." मग चार पावलांत सर्व कांहीं समजतें. ट्रॅक्टर आल्यापासून पुष्कळ गांवांत बैलजोड्या कमी झाल्या, तरी हा देखावा आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलेला आहे. या एका व्यवहारांत दोन चाली असतात. एक बैलाची चाल. ती डोळ्यांना दिसते. दुसरी विकणाराची चाल. ती मनांत दडलेली असते. शब्द एकच, परंतु एका चालींत जें आहे तें उघड होतें, व दुसऱ्या चालींत जें आहे तें झांकलें जातें.

आपल्या मराठी भाषेंत हा लहानसा शब्द किती कामें करितो, याचा आपण विचार केला आहे काय? माणसाची चाल म्हणजे त्याची पावलें टाकण्याची ढब. गांवची चाल म्हणजे पूर्वापार आलेली रूढि. बुद्धिबळाच्या पटावर मोहरें हलविलें म्हणजे चाल झाली. फौज शत्रूवर निघाली म्हणजे ती चाल करून गेली. उपासनेच्या वेळीं आपण विचारतों, "या गीताची चाल कोणती?" माणसाच्या एकंदर वर्तनाला आपण चालचलणूक म्हणतों. आणि कोणीं कोणाला गोड बोलून फसविलें, तर "त्यानें चाल खेळली" असेंहि आपणच म्हणतों.

'कावा' या शब्दाची कथा अशीच आहे. घोड्याला रिंगणांत फिरवून वळणें घ्यावयास शिकविणें, याला कावा म्हणत. ती स्वाराच्या कसबाची गोष्ट होती. पुढें तोच शब्द रणांगणावर गेला व 'गनिमी कावा' झाला. १६६१ सालीं शिवाजी महाराजांनीं उंबरखिंडीच्या अरुंद वाटेंत कारतलबखानाची मोठी फौज थोड्या लोकांनिशीं कोंडली, व तो शरण येतांच त्याला जाऊं दिलें. अशा कौशल्याच्या हालचालीला मराठी माणूस आजहि गौरवानें गनिमी कावा म्हणतो. परंतु हाच शब्द घराघरांत व बाजारांत उतरला, तेव्हां 'कावेबाज' ही शिवी झाली. शब्द आपल्या दोषानें घसरत नाहींत. वापरणाराचें मन घसरतें, आणि शब्द त्याच्या मागून खालीं जातो.

आज वाचावयाच्या भागांत पौल प्रेषित याच दोन गोष्टी एकत्र आणितो. दुसऱ्या ओवींत तो सांगतो कीं, आम्हीं लाजेच्या गुप्त गोष्टी टाकून दिल्या आहेत, आम्ही कपटानें चालत नाहीं, व देवाच्या वचनांत भेसळ करीत नाहीं. तर सत्य प्रगट करून प्रत्येकाच्या सदसद्विवेकबुद्धीपुढें देवासमक्ष उभे राहतों. मूळ ग्रीक भाषेंतहि येथें 'चालणें' हेंच क्रियापद आहे. म्हणजे पौलाच्या दृष्टीनें कपट हें केवळ एखादें कृत्य नाहीं. ती पावलांची एक संवय आहे. माणूस ज्या ढबीनें रोज पावलें टाकितो, तीच त्याची चाल होऊन बसते.

येथें कोणी विचारील, "तर मग विश्वासणाऱ्यानें युक्ति मुळींच करूं नये काय? सरळ जाऊन भिंतीवर डोकें आपटावें काय?" असें शास्त्र सांगत नाहीं. प्रभूनें आपल्या शिष्यांना लांडग्यांमध्यें पाठविलें, तेव्हां त्यानें त्यांना सापाचें चातुर्य व कबुतराचा निष्कपटपणा हीं दोन्हीं एकाच वेळीं धरावयास सांगितलें (मत्तय १०:१६). भोळेपणा म्हणजेच भक्ति, असें समजून आपण पुष्कळदां स्वतःचें व मंडळीचें नुकसान करून घेतों.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पांचव्या अध्यायाकडे पाहा. पलिष्टी लोक रेफाईमाच्या खोऱ्यांत पसरले. दाविदानें देवाला विचारलें, आणि देवानें त्याला सरळ चढाई करावयास सांगितलें. जय मिळाला. कांहीं काळानें तोच शत्रु त्याच खोऱ्यांत पुन्हां आला. दुसरा कोणी सेनापति असता तर म्हणाला असता, "मागच्या वेळीं समोरून गेलों व जिंकलों, आतांहि तसेंच जाऊं." परंतु दाविदानें पुन्हां विचारलें. या वेळीं देवाचें उत्तर निराळें होतें : समोरून जाऊं नको, वळसा घालून त्यांच्या मागें जा, झाडांच्या समोर थांब, आणि झाडांच्या शेंड्यांवर पावलांचा आवाज ऐकूं आला म्हणजे त्वरा कर. ही रणांतील चाल होती, आणि ती खुद्द देवानें शिकविली होती. येथें इब्री शब्दहि पावलें टाकण्याचाच आहे. झाडांच्या शेंड्यांवर देवाची चाल ऐकूं आल्यावांचून दाविदानें आपलें पाऊल उचलावयाचें नव्हतें. देव पुढें, दावीद मागें. चालीचें चांगलेपण यांत आहे.

पौलाचें उदाहरण घ्या. दिमिष्कांत वैरी वेशीवर टपून बसले, तेव्हां तो टोपलींतून तटावरून खालीं उतरला. यरुशलेमांत त्याला फटके मारण्यासाठीं बांधलें, तेव्हां त्यानें शताधिपतीला विचारलें कीं, रोमी नागरिकाला अपराध शाबीत न करितां फटके मारणें कायद्याला धरून आहे काय (प्रेषितांचीं कृत्यें २२:२५). एक खरी गोष्ट योग्य वेळीं, योग्य माणसापुढें, योग्य शब्दांत मांडणें, ही मोठी कुशल चाल आहे. आपल्या महाराष्ट्रांत नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनीं ख्रिस्ताची सुवार्ता अभंग व ओवी यांच्या चालींवर गाइली, आणि परक्या सुरांत जी गोष्ट लोकांच्या कानाशीं थांबत असे ती अंतःकरणांत उतरली. त्यांत लपवाछपवी कोणतीच नव्हती. जी माउली मजुरीच्या दिवशींच आठवड्याचें धान्य भरून ठेवते, म्हणजे पैसा दारूच्या गुत्त्याकडे जावयास उरूंच नये, तीहि अशीच शहाणी आहे. नवऱ्यानें विचारलें तर, "लेंकरांसाठीं भरलें," असें ती त्याच्या तोंडावर सांगूं शकते.

आतां त्याच दाविदाची दुसरी चाल पाहा. अकराव्या अध्यायांत त्यानें उरीयाच्या बायकोविषयीं पाप केलें, आणि तें झांकण्यासाठीं एकामागून एक चाली केल्या. उरीयाला लढाईवरून बोलाविलें, घरीं जावयास सांगितलें, दारू पाजून मस्त केलें. एकहि चाल साधली नाहीं, तेव्हां त्यानें यवाबाला चिठ्ठी लिहिली : उरीयाला जेथें लढाई दाट असेल तेथें पुढें ठेवा, आणि त्याच्यापासून मागें सरा. रणांत फौज पुढें नेणें व मागें घेणें ही सेनापतीची विद्या. तीच विद्या येथें खुनाचें हत्यार झाली. आणि ती चिठ्ठी कोणाच्या हातीं पाठविली? उरीयाच्याच हातीं. त्या इमानी शिपायानें आपलें मरण स्वतःच्या हातानें वाहून नेलें, आणि वाटेंत ती उघडून पाहिली नाहीं.

बंधूंनो, रेफाईमाच्या खोऱ्यांत दाविदानें दोन्ही वेळां देवाला विचारलें होतें. या अध्यायांत त्यानें विचारल्याचा एक शब्दहि नाहीं. आणि आणखी एक भेद आहे. रणांतला शत्रु आपणांस शत्रु समजतो व सावध असतो. बुद्धिबळांतहि पट दोघांच्या पुढें उघडा असतो. उरीया मात्र सावध नव्हता, कारण तो दाविदाला आपला धनी मानीत होता. जो आपल्यावर विश्वास ठेवितो त्याच्या विश्वासाच्या आड दडून जी चाल केली जाते, तिला शास्त्र कपट म्हणतें. म्हणून कोणतीहि युक्ति करण्यापूर्वीं प्रत्येकानें स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ज्याच्याविषयीं मी हें करीत आहें, त्याच्या हातीं ही चिठ्ठी मला उघडी देतां येईल काय? देतां येत असेल तर तें चातुर्य आहे. देतां येत नसेल तर हेतु कितीहि चांगला असो, तेथें थांबावें.

"हेतु चांगला असो," हें मी उगीच म्हणत नाहीं. यांत मी स्वतः सांपडलों आहें, आणि तें सांगितल्यावांचून हें प्रवचन पुरें करणें मला योग्य वाटत नाहीं. मी एका खेड्याच्या मंडळीचा पाळक असतांना तेथें दोन सख्खे भाऊ होते. वडील वारल्यावर दोन शेतांमधील बांधावरून त्यांचें वांकडें आलें. उपासनेला दोघे येत, परंतु एक उजवीकडे बसे व दुसरा डावीकडे. प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला, तेव्हां मला एक युक्ति सुचली. मी थोरल्याकडे गेलों व म्हणालों, "धाकटा मनांतून नमला आहे. तुम्हीं एक शब्द बोलावा, एवढीच त्याची इच्छा आहे." मग धाकट्याकडे जाऊन थोरल्याविषयीं हेंच सांगितलें. वास्तविक दोघांपैकीं कोणीहि तसें बोलला नव्हता. रविवारीं दोघांनीं एकमेकांचे हात धरिले, मंडळीनें आनंदानें गीत गाइलें, आणि मी आपल्या शहाणपणावर मनांतल्या मनांत खूष झालों.

पुढें पेरणीच्या दिवसांत ते दोघे बांधावर भाकरी खात बसले असतां गोष्ट निघाली. "तूं पाळकसाहेबांजवळ असें म्हणालास ना?" "मी कुठें म्हणालों? तूंच तसें म्हणालास." मग भांडण पूर्वीपेक्षां दुप्पट झालें. त्या सायंकाळीं थोरला माझ्याकडे आला. तो रागावला नव्हता. पायरीवर बसून तो एवढेंच बोलला, "पाळकसाहेब, तुम्हीं आमच्या भल्यासाठींच केलें, हें मला कळतें. पण आतां तुम्ही मंडळीपुढें शास्त्र वाचतां, तेव्हां माझ्या मनांत येतें, हीहि एक चालच नसेल ना?"

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. मीं त्या दोघांमध्यें शांति करावयास गेलों होतों, आणि परत येतांना देवाच्या वचनावरचा एका भावाचा भरंवसा मोडून आलों होतों. पौल कपटानें चालणें व वचनांत भेसळ करणें या दोन गोष्टी एकाच वाक्यांत कां जोडतो, हें सेमिनरींत शिकलेलें मला त्या पायरीवर समजलें. दुसऱ्या दिवशीं भर दुपारीं मीं दोघां भावांना बांधावर बोलाविलें व माझा अपराध कबूल केला. धाकट्यानें तो तेथेंच सोडून दिला. थोरला कांहीं बोलला नाहीं. पुष्कळ महिने तो शेवटच्या रांगेंत बसून निघून जाई. बांध शेवटीं सरकारी मोजणीनें, दोघांच्या समक्ष, दगड रोवून ठरला. जें काम मीं गुप्त युक्तीनें करूं पाहिलें तें उघड्या मोजणीनें झालें. एक वर्षानें थोरला प्रभूच्या मेजाकडे आला. बांध ठरावयास एक दिवस लागला. माझ्यावरचा विश्वास पुन्हां उभा राहावयास एक वर्ष लागलें.

कोणी म्हणेल, "माझा तर स्वभावच असा पडला. लहानपणापासून चालीनेंच पोट भरलें." अशा माणसासाठीं याकोबाची कथा आहे. त्याच्या नांवांतच टांच धरण्याचा अर्थ आहे. भावाच्या भुकेवर, बापाच्या आंधळेपणावर त्यानें चाली केल्या. वीस वर्षांनीं एसाव चारशें माणसें घेऊन येत आहे असें ऐकल्यावरहि तो तेंच करितो. आपल्या लोकांच्या दोन टोळ्या करितो, म्हणजे एक मारली गेली तर दुसरी वांचेल; भेटीचे कळप एकामागून एक पुढें पाठवितो; आणि आपण सर्वांच्या मागें राहतो. मग यब्बोकाच्या उतारावर, रात्रीं, देव त्याला गांठतो व त्याच्या जांघेच्या सांध्याला स्पर्श करितो. सूर्य उगवला तेव्हां याकोब लंगडत चालला होता. मराठी वाचकाला येथें एक गोष्ट सहज दिसावी : ज्याचें आयुष्य चालींत गेलें, त्याची देवानें चालच बदलली. आणि त्या सकाळीं तो काय करितो? बायकामुलांना मागें ठेवून तो स्वतः पुढें होतो. कठीण वाटेवरून लंगडत, सर्वांच्या देखत, तो आपल्या भावाकडे जातो. याकोबाचा लंगडेपणा त्या दिवसापासून कोणत्याहि मऊ मातीनें झांकावयाचा राहिला नाहीं.

तरी पवित्र शास्त्र आपणांस खोटी आशा देत नाहीं. त्याच अध्यायांत पुढें याकोब एसावाला सांगतो कीं, मी लेंकरांच्या व गुरांच्या चालीनें हळूहळू येऊन तुला सेईरांत भेटतों. आणि एसावाची पाठ फिरतांच तो सुक्कोथाकडे वळतो (उत्पत्ति ३३:१४-१७). जुनी खोड एका रात्रींत जात नाहीं. म्हणून एकदां कबुली दिली, एकदां अश्रु ढाळले, एवढ्यावर निर्धास्त होऊं नका. देवाबरोबर चालणें हें रोजचें काम आहे.

आतां शेवटीं आपल्या प्रभूकडे पाहूं. त्याच्याइतका चतुर कोण होता? परूशी व हेरोदी, जे एरव्हीं एकमेकांजवळ उभे राहत नसत, ते एकत्र येऊन कराविषयीं प्रश्नाचा पेंच घालितात. 'द्या' म्हटलें तर लोक रुष्ट, 'देऊं नका' म्हटलें तर सरकार रुष्ट. प्रभु एक नाणें मागतो, त्यावरचा मुखवटा त्यांच्याच तोंडून वदवितो, आणि पेंच सुटतो. तरी त्याच्या उत्तरांत खोट्याचा कणहि नाहीं. नासरेथांत लोक त्याला कड्यावरून लोटावयास निघाले, तेव्हां तो त्यांच्यामधून चालत निघून गेला. परंतु ज्याला गर्दींतून निघून जातां येत होतें, तो गेथशेमाने बागेंत निघून गेला नाहीं. ज्याला प्रश्नाचें उत्तर चुकत नव्हतें, तो हेरोदापुढें गप्प राहिला. त्याच रात्रीं अंगणांत पेत्रानें मात्र एक लहानशी चाल केली : "मी त्या माणसाला ओळखत नाहीं," म्हणाला, आणि आपला जीव वांचविला. प्रभूचें सर्व चातुर्य पित्याच्या कार्यासाठीं होतें. स्वतःला वांचविण्याची वेळ आली तेव्हां त्यानें तें बाजूला ठेविलें व वधस्तंभाची वाट सरळ चालला. त्या सरळ चालीनेंच आपलें तारण झालें.

तर मग, बंधुभगिनींनो, या आठवड्यांत आपण काय करावें? ग्रामपंचायतीच्या निवडणुकींत, मुलीच्या सोयरिकींत, कर्जाच्या कागदांत, जनावराच्या विक्रींत, मंडळीच्या सभेंत, युक्ति सुचली म्हणजे ती चिठ्ठी प्रथम प्रार्थनेंत देवापुढें उघडा. मग ज्याचें हित तींत गुंतलें आहे त्याच्यापुढें उघडा. सोयरिकीच्या वेळीं मुलाचा आजार झांकून ठेवूं नका. सभेपूर्वीं दोन घरीं दोन निरनिराळ्या गोष्टी सांगूं नका. ज्यांना मंडळीनें वडील, कारभारी किंवा पाळक नेमिलें आहे, त्यांनीं तर दुप्पट जपावें. कारण आपली एक खोटी चाल दुसऱ्याच्या मनांत देवाच्या वचनाविषयींच संशय उत्पन्न करिते. आणि ज्याच्यावर आपण पूर्वीं चाल केली असेल, त्याच्याकडे, शक्य तर याच आठवड्यांत, दिवसाउजेडीं जा. थोडें लंगडावें लागेल. लंगडत जा.

गीताचे शब्द कितीहि चांगले असोत, गाणारे निरनिराळ्या चालींवर गाऊं लागले तर उपासनेचा गोंगाट होतो. तसेंच आपल्या जिव्हेवर ख्रिस्त व पावलांत कावा असला, तर गांव आपलें गीत ऐकत नाहीं. ज्या देवानें दाविदाला झाडांच्या शेंड्यांवरून आपलीं पावलें ऐकविलीं व याकोबाची चाल बदलली, तो आपणां सर्वांना उजेडांत चालावयास शिकवो, आणि आपल्या घरांतून, शेतांतून व मंडळींतून एकच चाल ऐकूं येवो. आमेन.